दहावीनंतर दोघी मुली, बेळगाव ते निपाणी सायकलने: वाट कुठली, तयारी काय?

दहावीची_आई

नमस्कार. मुलीची एसएसएलसीची परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला संपते. तिला आणि तिच्या मामेबहिणीला (वय 17, पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी झाली) बेळगावहून निपाणीजवळ वेदगंगेकाठच्या आजोळी सायकलने जायचं आहे. मोठं माणूस सोबत नको, असा दोघींचा हट्ट आहे. हट्ट मला मान्य आहे, पण डोळे झाकून पाठवणार नाही.

मुक्कामाला कोवाडजवळ ओळखीचं घर आहे, गडहिंग्लजला नणंद राहते. एक सायकल गियरची, 26 इंची. दुसरी साधी लेडीज सायकल, बिनगियरची. दोघींना शाळा-क्लासला रोज सात-आठ किलोमीटर चालवायची सवय आहे, त्याहून जास्त नाही.

हायवेने सरळ 75 किलोमीटर आहे, एका दिवसात होईल, असं घरातल्या एकांचं म्हणणं. दुसरे म्हणतात सायकल कशाला, स्कूटर द्या. जाणकारांनी नीट सांगावं: वाट, दिवस, सायकलीचं काम, ऊन, सगळंच.

सीमाभाग_सायकल

ताई, हायवे आधी डोक्यातून काढा. काकती, वंटमुरी, यमकनमर्डी, संकेश्वर करत पुण्याकडे जाणारी सगळी जड वाहतूक त्याच रस्त्यावर असते. ट्रक शेजारून गेला की हवेचा झोत सायकलीला आधी बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. कॅरिअरवर ओझं असेल तर हँडल हलतं. नवख्या हाताला ते सावरत नाही. आणि निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाट तर भरल्या ट्रकांचाच. त्याच्याबद्दल खाली लिहितो.

पश्चिमेकडून फिरून जायचं. थोडं लांब पडतं, पण पाहुण्यांची घरं त्याच वाटेवर आहेत हे तुमचं नशीब.

पहिला दिवस बेळगाव ते कोवाड. हिंडलगा, सुळगा करत उचगाव फाटा, तिथून वेंगुर्ला रोड सोडून उजवीकडे उचगावात, पुढे बेकिनकेरे आणि कर्यात भागातून कोवाड. साधारण 30 किलोमीटर. हिंडलग्यापर्यंत शहराची गर्दी असते, म्हणून सहाला निघावं. उचगाव सोडलं की रस्ता अरुंद पण शांत, चढ-उतार लहान लहान. बेकिनकेऱ्याच्या पुढे कधी महाराष्ट्र लागला ते पाटीवरची अक्षरं बदलतात तेव्हा कळतं, माणसं आणि बोली तीच. कोवाडला ताम्रपर्णी नदी. घाटावर पाय बुडवायला हरकत नाही, पोहायला नाही. एप्रिलमध्ये पाणी संथ दिसतं, पण बंधाऱ्याजवळचे डोह खोल असतात आणि तळाला गाळ.

दुसरा दिवस कोवाड, नेसरी, गडहिंग्लज. 35च्या आसपास. नेसरीजवळ प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. 24 फेब्रुवारी 1674 ला बहलोलखानाच्या फौजेवर ते सहा स्वारांसह तुटून पडले ती ही जागा. मुली इतिहासाचा पेपर नुकताच देऊन आलेल्या आहेत, थांबू द्या निवांत. नेसरीच्या आधी-मागे चढ अंगावर येतात, बिनगियरच्या सायकलीवरून उतरून ढकलायचं. ढकलण्यात कमीपणा नाही, गुडघे वाचतात.

तिसरा दिवस गडहिंग्लजलाच ठेवा. सामान घरी ठेवून सामानगड करून यायचं. 1844 चं गडकऱ्यांचं बंड याच भागात पेटलं. गडावर खडकात खोदलेल्या विहिरी आहेत. काठावर जाऊन फोटो काढायचे नाहीत, एवढं बजावा. जायला चढ, यायला उतार, म्हणजे ब्रेकची परीक्षा ओझ्याशिवाय होते. आणि शरीर सगळ्यात जास्त कुरकुर करतं ते तिसऱ्या दिवशी, तेव्हा हा दिवस अंतराचा नसलेलाच बरा.

चौथा दिवस गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी. संकेश्वरपर्यंत 15 किलोमीटर हिरण्यकेशीच्या खोऱ्यातून. हा संकेश्वर-बांदा महामार्ग आहे, कोकण-गोव्याच्या गाड्या धावतात, म्हणून दोघींनी एकामागे एक चालवायचं, शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही. संकेश्वरहून निपाणीला हायवेशिवाय सोपी वाट नाही, आणि तवंदी घाटात निपाणीच्या बाजूने लांब उतार आहे. मागून ब्रेक तापलेले ट्रक येतात. तेवढा तुकडा सायकली छोट्या टेम्पोत घालून करायचा. संकेश्वरच्या स्टँडजवळ भाड्याचे टेम्पो मिळतात. आदल्या दिवशी नणंदबाईंच्या घरून ओळखीचा टेम्पो ठरवून ठेवला तर उत्तम. निपाणीत उतरून आजोळपर्यंत परत सायकल. आजीच्या दारात सायकलवरूनच पोचतील, ते महत्त्वाचं आहे.

अंतरं मी साधारण दिली आहेत. नकाशावर मोजण्याचं, वहीत उतरवण्याचं आणि कुठे थांबायचं ते ठरवण्याचं काम मुलींनाच द्या. तुम्ही फक्त तपासा. पाहुण्यांना फोनसुद्धा त्यांनीच करायचा, "आत्या, आम्ही मंगळवारी येतोय, सायकली ठेवायला जागा आहे का?" हा सगळा प्रवास खरं तर अशा फोनांसाठीच आहे.

नियम_कायदा

स्कूटरबद्दल थोडक्यात. 16 ते 18 वयात फक्त 50 सीसीपर्यंतच्या, बिनगियरच्या गाडीचं लायसन मिळतं. आज घरोघरी असलेल्या स्कूटर 100 सीसीच्या वरच्या, म्हणजे त्या बसत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन नाही. अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो. घरात हे वाचून दाखवा.

250 वॅटच्या आतली, ताशी 25 किलोमीटरला अडणारी ई-सायकल लायसनशिवाय चालते. पण बॅटरी संपली की ती चढावर ढकलायला फार जड, या वाटेला नको.

साध्या सायकलीला कसलाच परवाना लागत नाही. दोघींकडे आधारची झेरॉक्स आणि तुमची सही असलेली एक चिठ्ठी द्या: नावं, कुठून कुठे, तुमचे दोन फोन नंबर, मुक्कामाच्या घरांचे नंबर. लॉजवर पालकांशिवाय 18 च्या आतल्यांना खोली देत नाहीत, म्हणून मुक्काम ओळखीच्या घरीच ठरवलाय ते योग्य केलंत.

चाक_चेन

सायकलींचं काम निघायच्या दोन आठवडे आधी करून घ्या. आदल्या दिवशी नको. नवीन टाकलेली केबल आणि नवीन ताणलेल्या तारा पहिल्या 40-50 किलोमीटरमध्ये थोड्या सैल पडतातच. तेवढं चालवून झाल्यावर परत आवळून घ्यायच्या असतात.

आधी बिनगियरची. अशा सायकलीला बहुधा पुढे 44 दाते आणि मागे 18 दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) असतं. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ 5 मीटर जाते. सपाटीला छान, पण नेसरीच्या चढाला मांड्या भरून येतात. मागचं फ्रीव्हील 22 दात्यांचं टाका. तोच फेरा 4 मीटरच्या थोडा वर येतो आणि चढ बराच हलका होतो. सपाटीला वेग कमी होईल, होऊ द्या. फ्रीव्हील स्वस्त असतं, पण जुनं काढायला योग्य खाच्यांचा पाना लागतो, नुसत्या छिन्नी-हातोडीने काढणाऱ्याकडे नेऊ नका, हबचे आटे जातात. 22 टाकल्यावर चेन आखूड पडते, एक जोड वाढवायला सांगा. 20 दात्यांवर भागवलंत तर चाक खाचेत किंचित पुढे सरकवून चालतं.

दुसरी गोष्ट तिचा व्हॉल्व्ह. साध्या सायकलीत छोट्या रबरी नळीचा व्हॉल्व्ह असतो, आपण वॉल्व ट्यूब म्हणतो ती. उन्हाने ती चिकट होते, फाटते, आणि पंक्चर नसताना हवा उतरते. बरेच जण अशा वेळी उगाच टायर उघडून बसतात. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून बघायचं: बुडबुडा आला तर ट्यूब शाबूत आहे, नळी बदलायची. चार बोटं लांबीचा वॉल्व ट्यूबचा तुकडा खिशात असला की दहा वेळा काम होतं. गियरच्या सायकलीला बहुतेक मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल, म्हणजे कुठल्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येईल. हातपंप असा घ्या की दोन्हीला बसेल, आणि घरी दोघींनी तो वापरून बघावा.

हवा किती, ते टायरच्या अंगावर छापलेलं असतं. 1.95 रुंदीच्या टायरला बहुधा 40 ते 65 पीएसआय लिहिलेलं दिसतं. ओझं असताना मागे वरच्या आकड्याजवळ, पुढे थोडी कमी. दुपारी उन्हात सायकल उभी करायची असेल तर सावली बघावी, कारण काठोकाठ भरलेली जुनी ट्यूब डांबराच्या तापाने जोडावर सुटते.

पंक्चर काढायला दोघींना शिकवा, एकीला नाही. सामान: दोन टायर लिव्हर, सॅंडपेपर, सोल्युशनची नवीन ट्यूब (एकदा उघडलेली महिन्याभरात सुकते), सहा-आठ पॅच, प्रत्येक सायकलीला एक जादा ट्यूब. पॅच का निघतात? सोल्युशन ओलं असतानाच चिकटवतात म्हणून. पातळ थर लावायचा, चार-पाच मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाबायचा. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. बाभळीचं टोक आत मोडून राहिलेलं असतं, ते काढलं नाही तर शंभर मीटरवर परत तेच. बोट हळू फिरवा, टोचतं.

ब्रेक. लेडीज सायकलीचं रिम लोखंडी, चकचकीत असेल. पावसाने भिजलं की त्यावर रबराचा ब्रेक जवळजवळ धरतच नाही. वळीव पडून गेल्यावर उतार आला तर त्या सायकलीवरून उतरून चालायचं, यात तडजोड नको. नवे ब्रेक-रबर टाका. उतारावर सतत दाबून ठेवायचं नाही, दाबा-सोडा असं करायचं, दोन्ही ब्रेक एकत्र, मागचा थोडा आधी.

सीट: पायडल खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. आपल्याकडे मुली सीट फार खाली ठेवतात, पाय जमिनीला टेकायला हवेत म्हणून. त्याच कारणाने दुसऱ्या दिवशी गुडघ्याची वाटी दुखते. सीट वर केली की थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लागते, आठवडाभरात जमतं.

ओझं सात-आठ किलोच्या वर नको, पाठीवर काहीही नाही. पाठीवर सॅक म्हणजे घाम, खांदे आणि उंच गेलेला तोल. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या, जड वस्तू खाली. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, नायलॉन दोरी नाही, कारण दोरी सैल होऊन चाकात जाते. ओढणी, पिशवीचा बंद, मोकळी सलवार चेनच्या बाजूला येता कामा नये. चेनगार्ड असेल तो काढू नका.

एक जादा ब्रेक केबल, एक गियर केबल, 8-10-13-15चे पाने, स्क्रूड्रायव्हर, 4-5-6चा अॅलन की, तेलाची छोटी बाटली. तेल चेनच्या आतल्या बाजूला एकेक थेंब, पाच मिनिटांनी फडक्याने पुसून टाकायचं. चंदगड भागात तांबडी धूळ असते, ओल्या तेलावर बसली की चेन खाते.

दहावीची_आई

मनापासून आभार. फ्रीव्हीलचं तर कुणीच सांगितलं नव्हतं. आता तीन शंका. (1) यांच्या वडिलांचं म्हणणं, गाडी घेऊन मागे मागे जातो. करावं का? (2) दुपारचा वळीव. (3) मुलींच्या पाळीचा आणि शौचालयाचा प्रश्न, वाटेत काय करायचं?

मैदान_आणि_फळा

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण मुलींना त्रास होतो तो बहुतेक याच्यामुळे. शौचालय मिळणार नाही या भीतीने मुली पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखणं, चक्कर, लघवीला जळजळ, हे सगळं त्यातून येतं, आणि घरचे म्हणतात सायकल झेपली नाही. तेव्हा थांबे पाण्याप्रमाणे नाही, शौचालयाप्रमाणे आखा. पेट्रोल पंप (तिथे शौचालय द्यावंच लागतं आणि पैसे घेत नाहीत), एसटी स्टँड, ग्रामपंचायत, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे गावातलं घर. एकीने सायकली सांभाळायच्या, दुसरीने दारात बसलेल्या आजींना "आजी, जरा आत जाऊ का?" विचारायचं. आपल्या भागात नाही म्हणणार नाहीत, वर ताक देतील. पाळी येणार असेल-नसेल, दोघींच्या पिशवीत पॅड, कागदी पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं आणि साबण असावाच. पहिल्या दोन दिवसांत फार त्रास होत असेल तर निघायची तारीख सरळ पुढे ढकला.

पाणी: चालवताना तासाला अर्धा लिटर, दिवसाला तीन-चार लिटर. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. ओआरएसची पाकिटं ठेवा, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं-अर्धं अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. घाम येणं बंद होऊन अंग तापलं, बोलणं अडखळलं तर तो उष्माघात: सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच 108. दोन्ही राज्यांत 108 आणि 112 चालतात.

वेळ: सहाला निघून साडेदहाला थांबायचं. उरलेलं साडेचारनंतर. एप्रिलमध्ये पावणेसातपर्यंत उजेड असतो, तरी सहाला मुक्कामी पोचायचं ठरवा. सामान लादून यांचा वेग ताशी 11-12 किलोमीटर पडेल, थांबे धरून 30 किलोमीटरला तीन-साडेतीन तास. म्हणजे पहिल्या दिवशी कोवाड सकाळीच गाठतात.

खाणं: निघताना नाचणीची आंबील किंवा भाकरी-लोणी. नुसत्या चहा-बिस्किटावर पाठवू नका. वाटेत शेंगदाणा-गूळ, केळी, भडंग. दर तासाला थोडं. भूक लागल्यावर खायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो, पाय एकदम गळतात. चंदगड-कर्यात भागात तेव्हा काजूचा हंगाम असतो. बोंड खुशाल खावं, पण हिरव्या किंवा कच्च्या बीला दात लावायचा नाही, सालीतल्या चिकाने ओठ भाजतात. गावाकडच्या मुलांना माहीत असतं, शहरातल्यांना सांगावं लागतं.

वळीव: दुपारी दोननंतर ढग चढतात, आधी धुळीचा वारा, मग टपोरे थेंब, कधी गारा. सकाळच्या वेळापत्रकात चालवलं तर तो बहुतेक घरातच गाठतो. वाटेत सापडलंच तर धुळीचा पहिला झोत आला की थांबायचं, पावसाची वाट बघायची नाही. शाळेचा व्हरांडा, बसथांब्याची पक्की शेड, देऊळ. एकटं झाड नको, माळावर तर अजिबात नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास जाऊ द्यायचा. नंतर मातीच्या आडवाटेला शिरायचं नाही. संकेश्वर-निपाणीकडे काळी माती आहे, मडगार्डमध्ये भरली की चाक जाम होतं आणि काडीने कोरत बसावं लागतं.

सीमाभाग_सायकल

गाडी मागे लावण्याबद्दल: करू नका, ताई. मागे गाडी आहे हे कळलं की पंक्चर झाल्यावर मुली पंप काढत नाहीत, मागे बघतात. शिवाय ताशी 12 किलोमीटरने चालणारी मोटार त्या अरुंद रस्त्यावर स्वतःच धोका. त्याऐवजी वडिलांनी कोवाडचा आणि नेसरीचा रस्ता आधी एकदा स्वतः बघून यावा, आणि त्या चार दिवसांत फोन उचलायला आणि तासाभरात निघायला मोकळं राहावं. याला म्हणायचं आधार.

फोनच्या वेळा ठरवा: थांबल्यावर सकाळी एक, मुक्कामी एक. मधे नाही, चालवताना तर नाहीच. सातपर्यंत फोन आला नाही तर आधी मुक्कामाच्या घरी फोन करायचा, मग मुलींना. खोलगट भागात रेंज जाते, लगेच घाबरायचं नाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, आणि वाटेतल्या गावांची यादी कागदावर असू द्या.

खानापूर_रोड

वरच्याशी सहमत, पण एक सांगतो: रोज आठ किलोमीटरच्या सवयीवर थेट चार दिवस नको. आधी दोन सराव. पहिला राजहंसगड, येळ्ळूरमार्गे, ठरवलेलं सगळं ओझं बांधून. शेवटचा चढ खडा आहे, फ्रीव्हील बरोबर निवडलं का ते तिथे कळतं, आणि कॅरिअरची गाठ सुटते ती घराजवळ सुटते. दुसरा सराव बेळगाव ते खानापूर, मच्छेवरून 26 किलोमीटर, सलग. तिथून अजून दम असेल तर नंदगड 11 किलोमीटर. संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये तिथेच फाशी दिलं, समाधी आहे.

कोवाडची वाट काही कारणाने रद्द झाली तर हाच पर्याय मोठा करा: खानापूर, नंदगड, हलशी. हलशीचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, बघण्यासारखं आहे. फक्त हेम्मडग्याच्या बाजूला, भीमगड अभयारण्याकडे वळायचं नाही. गवे, अस्वलं आहेत, रेंज नाही, आणि सायकलवर आवाज न करता जाणाऱ्याला जनावर अचानक समोर येतं.

रेल्वेने सायकल परत आणायची कल्पना कुणी सुचवेल. खानापुरात गाडी जेमतेम थांबते, लगेज डब्यात चढवायला वेळ पुरत नाही. बुकिंग घेतात का, हे स्टेशनात आधी विचारल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नका.

निपाणी_स्टँड

परतीचं आणि अडचणीचं लिहितो. मधेच कुणी आजारी पडलं तर सायकली पाहुण्यांकडे सोडून बसने यायचं, सायकलीसाठी अडून राहायचं नाही. कोवाड, नेसरी, गडहिंग्लजला एसटी आहे. महाराष्ट्रात एसटीला महिलांना अर्धं तिकीट. संकेश्वर-निपाणीकडून बेळगावला कर्नाटकच्या लाल बसमध्ये शक्ती योजनेत मुलींना तिकीट नाही, पण कर्नाटकाचा पत्ता असलेलं आधार दाखवावं लागतं, म्हणून मूळ कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्सवर कंडक्टर वाद घालतात. बसच्या पाटीवर नाव कन्नडमध्ये असतं. दोघी एसएसएलसीला कन्नड शिकल्या असतील तर वाचतील. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस सीमेवर थांबतात, 1 नोव्हेंबरच्या किंवा अधिवेशनाच्या दिवसांत विशेष. एप्रिलमध्ये सहसा नाही, तरी निघायच्या दिवशी सकाळी बातम्या बघा.

पैसे रोख, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, दोघींकडे वेगवेगळे. छोट्या गावात स्कॅनर आहे पण रेंज नाही, असं होतं. खर्चाची वही मुलींनी लिहावी.

यात्रा बघून तारीख धरा. चैत्र-वैशाखात खेड्यापाड्यांत लक्ष्मीच्या यात्रा असतात. गावात यात्रा असेल तर रस्ता बंद, आणि पाहुण्यांचं घर भरलेलं.

दहावीची_आई

तारीख यात्रा बघूनच ठरवू. वडील रविवारी कोवाडचा रस्ता बघून येतो म्हणाले. एकच राहिलं: टेम्पोत सायकली घालताना मोडणार नाहीत ना? गियरच्या सायकलीची फार काळजी आहे तिला.

चाक_चेन

आडवी घालायची असेल तर गियरची बाजू वर, चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणून. म्हणजे मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आत ओढला जातो, बाहेर आलेला राहत नाही. दोन सायकली एकमेकींवर घालायच्याच तर मधे गोणपाट, आणि खालचीचं पायडल वरचीच्या तारांत जात नाही ना ते बघून. त्यापेक्षा उभ्या बांधलेल्या बऱ्या: एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, पायडल काढून पिशवीत. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं, जोर लावून उलटीकडे फिरवाल तर क्रँकचे आटे जातील. 15चा पाना वर सांगितलाय तो यासाठीही. ट्यूबच्या पट्टीने फ्रेम बांधा, चाक किंवा केबल नको. निपाणीत उतरवल्यावर चालवायच्या आधी तीन गोष्टी: दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, चाक फिरवून रिम घासतंय का, आणि हँडल सरळ आहे का.